स्पीड टेस्ट झाली, आता आणखी वीस मिनिटं: सोलापूरच्या ब्रॉडबँडवाल्यांना खुले पत्र

सोलापूर शहरातील केबलचालक, ब्रॉडबँडचे फ्रँचायझीधारक आणि घरोघरी जोडणी करणारे तंत्रज्ञ यांस,

स. न. वि. वि.

जोडणी कशी होते हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. खांबावरून ड्रॉप वायर गॅलरीत येते, खिडकीच्या चौकटीला भोक पडतं, कनेक्टर बसतो. मीटरवर उणे २० डीबीएमच्या आसपास फायबरमधल्या प्रकाशाची पॉवर दिसली की ओएनटी, म्हणजे फायबरवरचं नेट घरात देणारा राऊटरचा डबा, लावायचा, युजर आयडी टाकायचा, वायफायला नाव द्यायचं, मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवायची, फॉर्मवर सही घ्यायची आणि पुढचं घर गाठायचं. वळवाच्या वाऱ्यात तार तुटली की खांबावर चढणारी मुलंही तुमचीच. त्या मेहनतीबद्दल आमची तक्रार नाही. सोलापुरात संगणक दुरुस्तीचं आणि नेटवर्कचं काम करणाऱ्या आम्हा काही जणांची तुमच्याकडे एकच मागणी आहे. स्पीड टेस्ट आणि सही यांच्या मध्ये वीस मिनिटं द्या आणि तो डबा व त्यामागचा संगणक नीट बंदोबस्तात ठेवूनच घराबाहेर पडा.

तुम्हालाच का सांगतोय? कारण राऊटरची कळ जाणणारा माणूस त्या घरात वर्षानुवर्षांत एकदाच येतो आणि तो तुम्ही पाठवलेला असतो. डब्याला स्वतःचं एक सेटिंगचं पान असतं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की ते उघडतं, हे जुळे सोलापुरातल्या निवृत्त शिक्षकांना किंवा विडी घरकुलातल्या कॉलेजच्या मुलीला कुणी सांगितलेलंच नसतं. ‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ असं लोक विचारतात. पण घर निवडून कुणी येत नाही. इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक चाचपणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. उघडं दार सापडलं की आत शिरायचं, एवढंच त्यांचं काम. सकाळी लावलेली जोडणी दुपारपर्यंत कुणीतरी चाचपून पाहिलेली असते.

सुरुवात डब्याच्या पासवर्डपासून करू. इथे आम्ही वायफायच्या पासवर्डबद्दल बोलत नाही, डब्याचं पान उघडणाऱ्या पासवर्डबद्दल बोलतोय. बहुतेक घरांत युजरही अ‍ॅडमिन आणि पासवर्डही अ‍ॅडमिन. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी यंत्रं) आणि राऊटर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्याकडे कुठलीही खास विद्या नव्हती. कंपनीतून येतात तशा युजर-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती आणि तो त्या एकेक करून लावून पाहत होता. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, याच कारणाने आपल्या देशातले हजारो मोडेम बंद पडले. तेव्हा जोडणी झाली की लॅपटॉप लॅन वायरने लावायचा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलायचा, तो डब्याच्या पोटाशी स्टिकरवर लिहायचा आणि त्याचा फोटो ग्राहकाच्याच मोबाइलमध्ये काढून द्यायचा. कागदावर लिहिलेला पासवर्ड धोक्याचा, असं काही जण म्हणतील. घरात शिरून डबा उलटा करणाऱ्याला रिसेटचं बटण पुरेसं आहे. आपला धोका बाहेरून येणारा आहे.

आणखी एक खातं असतं आणि ग्राहकाला त्याचा पत्ताच नसतो. ते म्हणजे तुमचं सुपरयुजर खातं, डब्यातलं सगळं काही बदलू देणारं. एका चालकाच्या साऱ्या ओएनटींवर त्याचा पासवर्ड एकच असतो. काम सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाच्या फोनमध्ये तो तसाच राहतो. हा पासवर्ड घरागणिक वेगळा ठेवा, निदान ओएनटीच्या सिरीयल नंबरावरून एका वहीत नोंदवलेला. कामाची दगदग वाढेल, हे मान्य. पण आज एक मुलगा रागावून गेला तर होटगी रस्त्यापासून शेळगीपर्यंतच्या साऱ्या घरांची किल्ली घेऊन जातो.

आता वायफायचा पासवर्ड. तुमची मुलं सवयीने तिथे ग्राहकाचा मोबाइल नंबर टाकतात. लक्षात राहतो, फोनवर सांगता येतो. त्यात बिघडतं काय, याचा हिशेब मांडून पाहा. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतात. पण डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत एखादा फोन वायफायला जोडला जातानाची देवाणघेवाण जिन्यात उभं राहून टिपता येते आणि मग सारे अंदाज घरी बसून करता येतात, राऊटरला पत्ता न लागता. गेम खेळण्यासाठी घेतलेलं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख अंदाज तपासतं. पाच लाख धरले तर ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांच्या आत सारे मोबाइल नंबर संपतात. आणि त्या घरचा नंबर शेजाऱ्याला पाठच असेल तर तेवढाही वेळ नको. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहा. हुरडा, पायरी, चष्मा, टमटम अशा जातीचे (हेच चार मात्र कुणी वापरू नका, ते आता छापून झालेत). घरातल्या आजींनाही ते सांगता येतात आणि लांबी वीस अक्षरांच्या वर जाते. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ एईएस ठेवा, डबा नवा असेल तर डब्ल्यूपीए-३. टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी या जुन्या, कच्च्या पद्धती दिसल्या तर त्या काढाच. जुन्या फोनसाठी म्हणून डब्ल्यूईपी चालू ठेवणं म्हणजे दाराला कडी लावून खिडकीचे गज कापणं. वायफायच्या नावात फ्लॅट नंबर आणि आडनाव नको. कुठलं सिग्नल कुणाच्या घरचं, हे रस्त्यावरच्या माणसाला कळायची गरज नाही.

डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून जोडायची सोय म्हणून ते येतं, पण त्यामागे आठ आकडी पिन असते आणि राऊटर ती दोन तुकड्यांत तपासतो. पहिले चार आकडे बरोबर का, ते आधी सांगतो. उरलेल्या चारांतला शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, अकरा हजार प्रयत्नांत खेळ संपला. हे २०११ सालीच उघड झालं आहे. एवढी वर्षं लोटली, तरी स्वस्तातल्या कित्येक डब्यांत ते अजून चालूच येतं. तिथे वायफायचा पासवर्ड कितीही मोठा ठेवला तरी उपयोग नाही.

बाहेरून डब्याचं पान उघडू देणारी सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, तुम्ही तुमच्या सोयीसाठी चालू ठेवता, कारण ऑफिसात बसून तक्रार सोडवता येते. ती साऱ्या जगासाठी उघडी नको. फक्त तुमच्या ऑफिसच्या पत्त्यापुरती ठेवा. २३ नंबरच्या दारावरचं (म्हणजे पोर्टवरचं) टेलनेट, दुरून आज्ञा देण्याची ती जुनी सोय, आणि ८० किंवा ८०८० वरचं पान बाहेरच्या बाजूने बंदच हवं. तपासायला ग्राहकाचा वॅन आयपी, म्हणजे डब्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, घ्या आणि तुमच्याच जाळ्यावरच्या दुसऱ्या जोडणीवरून ब्राउझरमध्ये टाका. मोबाइल डेटावरून तपासून ‘बंद आहे’ असं समजू नका. तुमच्यापैकी अनेक जण एक सार्वजनिक आयपी पुष्कळ ग्राहकांत वाटता. ग्राहकाला १००.६४ ते १००.१२७ च्या मालिकेतला पत्ता मिळतो आणि बाहेरून तो दिसतच नाही. पण शेजारच्या ग्राहकाला तो दिसू शकतो, आणि व्हायरस लागलेला संगणक त्याच्याकडेही असू शकतो.

त्याच पानावर डीएनएसच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, दोन रकान्यांत काय लिहिलंय ते वाचा. तिथे तुमचा स्वतःचा डीएनएस हवा, किंवा ८.८.८.८, १.१.१.१ यांसारखा ओळखीचा. अनोळखी आकडे दिसले तर कुणीतरी आत येऊन गेलंय. मग त्या घरात बँकेचं नाव बरोबर टाइप केलं तरी पान भलत्याच ठिकाणाहून येऊ शकतं, आणि संगणकावरचा अँटिव्हायरस कितीही चांगला असला तरी त्याला संगणकात काही सापडत नाही, कारण बिघाड डब्यात असतो. अशा वेळी नुसतं बंद-चालू करून भागत नाही. मिराईसारखा व्हायरस डब्याच्या मेमरीतच राहतो, लाईट गेली की जातो आणि पासवर्ड जुनाच असेल तर काही मिनिटांत परत येतो. आधी फायबरची पॅच कॉर्ड काढा, मग फॅक्टरी रिसेट, मग पासवर्ड, आणि शेवटी पॅच कॉर्ड. क्रम उलटा झाला की पुन्हा पहिल्यापासून.

आता फर्मवेअरबद्दल, म्हणजे डब्याच्या आतल्या सॉफ्टवेअरबद्दल. नवं चढवायलाच हवं, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लाईट कधी जाईल याचा नेम नसतो आणि चढवता चढवता लाईट गेली तर डबा कायमचा जातो. इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर डबा लावल्याशिवाय त्याला हात लावू नका. वायफायवरून चढवू नका, लॅन वायरनेच. मॉडेलबरोबर हार्डवेअर व्हर्जनही जुळवून घ्या. आधी सेटिंग उतरवून ठेवा, नाहीतर व्हीलॅनचा (एकाच जाळ्यात गट वेगळे ठेवणाऱ्या सोयीचा) आकडा आणि डायलरचं (नेटवर लॉगिन करायचं) खातं उडतं आणि ‘अपडेट केलं म्हणून नेट गेलं’ अशी ओरड होते. मग ते घर पुन्हा कधीच अपडेट करू देत नाही.

आता डब्याकडून संगणकाकडे येऊ, आणि आधी शहरात अजूनही असलेल्या त्या जोडण्यांकडे, जिथे राऊटरच नाही. जिन्यातल्या पेटीतल्या स्विचमधून, म्हणजे एक जोडणी अनेक घरांत वाटणाऱ्या यंत्रातून, निळी किंवा करडी लॅन वायर थेट सीपीयूच्या मागे जाते आणि विंडोजमधला डायलर दाबला की नेट सुरू. या घरांची आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते. मधे काहीच नाही. अशा इमारतीत एखाद्याने नवा राऊटर आणून तुमची वायर चुकून वॅनऐवजी लॅनच्या भोकात घातली तर काय होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. तो राऊटर साऱ्या इमारतीला आयपी वाटायला लागतो आणि सगळ्यांचं नेट बसतं. त्याच वाटेने तळमजल्यावरचा व्हायरस चौथ्या मजल्यावर पोचतो, कारण साध्या स्विचला सगळी घरं एकच. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस सुटला तो ४४५ नंबरच्या दारातून, विंडोजच्या फाइल वाटपाच्या सोयीतून. तिच्यावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांच्या फायली अडकल्या.

अशा घरात हजार-दीड हजार रुपयांचा साधा राऊटर मधे लावायला सांगा आणि डायलरचं खातं त्या राऊटरमध्ये टाका. तो लगेच घेणं जमत नसेल तर नेटवर्क कनेक्शन्समध्ये जाऊन डायलरच्या आणि लॅनकार्डच्या दोन्ही प्रॉपर्टीजमधून फाइल अँड प्रिंटर शेअरिंगची खूण काढा, नेटवर्कचा प्रकार पब्लिक ठेवा आणि विंडोजची फायरवॉल चालू आहे ना ते बघा. पाच मिनिटांचं काम. फायरवॉल बंद सापडली तर ती कुणी बंद केली ते विचारा. बहुधा एखादा गेम किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर चालत नव्हतं म्हणून कुणीतरी सगळीच उडवलेली असते. त्या एका प्रोग्रामला परवानगी द्यायची असते, भिंत पाडायची नसते.

विंडोज कुठलं आहे ते पाहा. विंडोज ७ ची साथ १४ जानेवारी २०२० ला संपली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. घरगुती ग्राहकाला नोंदणी करून १० साठी सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे, ती करून घ्यायला सांगा. संगणक ११ ला चालत नसेल तर भंगारात टाकण्याची घाई नको. ब्राउझिंग, अभ्यास, पत्रं लिहिणं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट त्यावर आनंदाने चालतं. पण चोरीचं विंडोज टाकून देऊ नका, आणि ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणारा तो छोटा प्रोग्राम तर नकोच. चालवण्याआधी तो अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. पहारेकऱ्याला आधी घरी पाठवा म्हणणारा माणूस कोण असेल, ते ओळखायला फार अक्कल लागत नाही. शिवाय रोजच्या वापराला साधं खातं काढून द्या, अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, पासवर्डसह. मुलांनी खेळाच्या नावाखाली काही उतरवलं तरी ते परस्पर साऱ्या संगणकभर पसरत नाही.

पूर्व भागात घराच्या एका बाजूला लूम आणि एका बाजूला राहणं. टॉवेल-चादरीच्या बिलांचा, जीएसटीचा संगणक तोच, जो मुलगा संध्याकाळी अभ्यासाला घेतो. इथे सर्वांत घातक प्रकार घडतो, आणि तो तुमच्या मदतीने घडतो. हिशेबनिसाला घरून टॅली उघडता यावं म्हणून मालक तुमच्याकडून स्थिर आयपी घेतो आणि तुमचा मुलगा ३३८९ नंबरचं दार त्या संगणकाकडे वळवून देतो. रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून संगणक चालवायची सोय, उघडा आणि वर पासवर्ड १२३४. खंडणी मागणारे व्हायरस या वाटेने हाताने आत सोडले जातात, शक्यतो रात्री. सकाळी टॅलीच्या डेटा फोल्डरमधली एकही फाइल उघडत नाही आणि मोडक्या इंग्रजीतली एक चिठ्ठी तेवढी दिसते. पैसे भरूनही फायली परत मिळतील याची खात्री नाही. ग्राहकाने मागितलं तरी हे दार वळवून देऊ नका. राऊटरमध्ये व्हीपीएनची (बाहेरून फक्त किल्ली असलेल्यालाच आत घेणाऱ्या बंद वाटेची) सोय असेल, वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन, तर ती बसवून द्या आणि रिमोट डेस्कटॉप त्याच्या आतूनच चालू द्या. डीव्हीआरचंही तसंच. कॅमेरे मोबाइलवर दिसावेत म्हणून ८०, ५५४, ८००० अशी दारं सरसकट उघडली जातात, आणि यूपीएनपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना राऊटरची दारं आपोआप उघडू देणारी सोय, चालू असेल तर डीव्हीआर ती परस्पर उघडतो. यूपीएनपी बंद करा. कॅमेरे, टीव्ही आणि पाहुण्यांचे फोन गेस्ट नेटवर्कवर घाला, हिशेबाचा संगणक मुख्य नेटवर्कवर.

आणि बॅकअप. बाहेरची हार्ड डिस्क कायम लावून ठेवली तर व्हायरस तीही कुलूपबंद करतो. दोन डिस्क, आलटून पालटून, दर शनिवारी कॉपी झाली की वायर काढून कपाटात. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायची, कारण कधीच उघडून न पाहिलेला बॅकअप नसल्यात जमा.

आता थोडं तुमच्या बाजूच्या यंत्रांबद्दल. ओएलटीवर, म्हणजे साऱ्या ओएनटी जिथे जोडलेल्या असतात त्या तुमच्या टोकाच्या यंत्रावर, ग्राहकांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारं आयसोलेशन चालू ठेवा आणि इमारतीतले साधे स्विच काढून व्हीलॅनवाले बसवा. ओएनटीची दूरस्थ देखभाल करणारं ७५४७ नंबरचं दार फक्त तुमच्या सर्व्हरपुरतं उघडं हवं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत या दारावरच्या हल्ल्याने सुमारे ९ लाख राऊटर बंद पडले होते. आयपीव्ही-६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, देत असाल तर जास्त जपून. आयपीव्ही-४ मध्ये राऊटरच्या मागे संगणक आपसूक लपतो, आयपीव्ही-६ मध्ये घरातल्या प्रत्येक यंत्राला जगाला दिसणारा पत्ता मिळतो. ओएनटीतली आयपीव्ही-६ ची फायरवॉल चालू आहे की नाही, ते प्रत्येक मॉडेलवर एकदा तपासा, कारण काही डब्यांत ती बंद असते आणि पानावर ते पटकन लक्षात येत नाही. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे १८० दिवसांच्या नोंदी ठेवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. त्या ठेवताना आयपीबरोबर पोर्टचा आकडा आणि अचूक वेळही नोंदवा. एक आयपी शेकडो घरांत वाटलेला असताना नुसत्या आयपीवरून पोलीस कुणाच्या दारात जातील? भलत्याच माणसाला पोलीस चौकीच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत, म्हणून हे.

राहिला फोन. तुमच्या ऑफिसातून दर वेळी वेगळ्या नंबरवरून फोन जातो, ‘ओटीपी आलाय तो सांगा’, ‘एनीडेस्क टाका, आम्ही बघतो’ (म्हणजे तुमचा स्क्रीन दुरून चालवू देणारं अॅप). ग्राहकाला याची सवय लागते आणि मग ‘नेटचं केवायसी बंद पडतंय’ म्हणणाऱ्या भामट्याचं काम अर्धं झालेलं असतं. तक्रारीचा एकच नंबर ठरवा, डब्यावर चिकटवा आणि ओटीपी किंवा स्क्रीन मागणं पूर्ण बंद करा. त्याच स्टिकरवर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लिहा. पैसे गेल्यावर पहिला फोन तिथे, लगेच, कारण पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. संगणकात व्हायरस असल्याची शंका असेल तर सीईआरटी-इनच्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची साधनं फुकट मिळतात. हे स्टिकर मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही छापा. आपल्या शहरात ज्या घरात जी भाषा बोलतात, त्या भाषेत लिहिलेलं वाचलं जातं.

जुन्या ग्राहकांकडे मुद्दाम जायला माणसं कुठून आणायची, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मुद्दाम जाऊ नका. तक्रारीसाठी जाल तेव्हा करा. लाल दिवा लागला, वायर बदलली, की डब्याचं पान उघडून पासवर्ड, डब्ल्यूपीएस, डीएनएस एवढं तरी पाहूनच निघा. नव्या जोडणीच्या फॉर्मवर सहीच्या वर या कामांचे चौकोन छापा आणि मुलाला घरामागे थोडे जास्त पैसे द्या, कारण दिवसाला ठरलेली घरं पुरी करायची असतील तर तो बिचारा वीस मिनिटं आणणार कुठून?

तुमच्या मुलांना हे हाताने करून दाखवायला आम्ही एखाद्या रविवारी दुपारी विनामूल्य येऊ. जागा तुम्ही सांगा. येताना तुम्ही सध्या बसवता त्या प्रत्येक मॉडेलचा एक ओएनटी, त्याचा अ‍ॅडॉप्टर, एक लॅन वायर आणि रिसेटचं भोक दाबायला टाचणी, एवढं आणा. इन्व्हर्टर आम्ही पाहू.

आपले,
सोलापुरात संगणक दुरुस्तीचं आणि नेटवर्कचं काम करणारे काही जण